मांगे ऱ्हाऊ नको

आमच्या नंदुरबारात थंडी अंगाला लागायच्या आधी घशाला लागते. दिवाळी उलटते, बाजारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते आणि शहराभोवतीच्या पथाऱ्या भरायला लागतात. मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानांना आम्ही पथारी म्हणतो. मग एखाद्या सकाळी वारा फिरतो आणि अख्ख्या कॉलनीला एकदम ठसका लागतो. बाहेरगावचा पाहुणा असेल तर तो खिडक्या लावून घेतो. आम्ही लावत नाही. हंगाम सुरू झाला, एवढंच म्हणतो.

यंदा तो ठसका घरात सगळ्यात आधी आमच्या नातवाला लागला. अर्णव पाच महिन्यांचा आहे. पल्लवी, आमची मुलगी, त्याला घेऊन सुरतेहून माहेरी आली आहे. तो शिंकला, स्वतःच्याच शिंकेने दचकला, आणि मग हसला. पल्लवी मोबाईल शोधायला धावली.

"पप्पा, ही त्याची पहिली शिंक ना?"

"मिरचीची पहिली. साधी शिंक तो जन्मला त्याच दिवशी शिंकला होता. मी तिथेच होतो."

"तुमच्यापुढे काही बोलायची सोय नाही," ती म्हणाली.

खरं आहे. तापीच्या पाण्याची पातळी मोजायची आणि वर कळवायची, हे माझं काम. जवळजवळ, साधारण, सुमारे हे शब्द मला आवडत नाहीत. घरात यावरून माझी थट्टा होते आणि मी ती होऊ देतो.

पण त्या सकाळी माझं लक्ष दुसरीकडे गेलं. माझी बायको सुनंदा मेथी निवडत बसली होती. नातवाची शिंक ऐकून ती उठली, ओल्या हातांनीच खिडकीपाशी गेली आणि तिने खिडकी लावली. मिरचीच्या दिवसांत तिला खिडकी लावताना मी याआधी एकाच हिवाळ्यात पाहिलं होतं. पल्लवीच्या पहिल्या.

त्या हिवाळ्यात आम्ही नंदुरबारच्या कडेला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. जुनी मोटारसायकल नुकतीच घेतली होती. पल्लवी सहा महिन्यांची होत होती आणि आम्हा दोघांना फिरायचं वेड लागलं होतं. रविवार आला की तिला दुपट्यात गुंडाळायचं, सुनंदाच्या पोटाशी बांधायचं आणि निघायचं. तिने मान धरली, तिने मूठ उघडली, ती आवाजाकडे वळून बघायला लागली. यातली प्रत्येक गोष्ट आम्हाला कुठेतरी जाऊन साजरी करावीशी वाटायची. शेजारी हसायचे. त्यांना कारण माहीत नव्हतं.

पल्लवीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. बारसं व्हायच्या आधीच तो गेला. नाव ठेवलेलं नव्हतं, म्हणून घरात त्याच्याविषयी बोलायला शब्दच नव्हता. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. प्रकाशा या गावी, तापीच्या वाळूत, मी आणि माझा चुलतभाऊ त्याला ठेवून आलो. त्याचं वजन मला माहीत आहे. ते इथे लिहीत नाही.

म्हणून पल्लवीला घेऊन आम्ही घरात बसलो नाही. घरात बसणं आमचं आधी करून झालं होतं.

पहिल्यांदा बाहेर निघालो तेव्हा माझी आई गावाहून आलेली होती. तिने सुनंदाला उंबऱ्यातच थांबवलं. "पोरनं मन जठे रमस, तठेच ऱ्हाई जास. निंघताना नाव लिसन हाक मार. चाल वं, घर चाल, मांगे ऱ्हाऊ नको. नहीते घर नुस्तं आंग येस."

मी म्हणालो, "मन काय पिशवी शे का, ऱ्हाई जावाले?"

"तू पानी मोजस ना, ते मोज," आई म्हणाली. "हाई तुन्हा मोजपट्टीमा बसत नही."

लेकरू जिथे रमतं तिथे त्याचं मन राहून जातं आणि घरी नुसतं अंग येतं. हे वाक्य मी हसण्यावारी नेलं खरं, पण मोटारसायकल चालवताना ते पाठीमागे बसून राहिलं.

पहिली सहल लांबची नव्हती. ओळखीच्या व्यापाऱ्याची पथारी. डोळा पोचेल तिथपर्यंत मिरची, आणि तिच्यामध्ये तोंडाला फडकी बांधून देठ खुडत बसलेल्या बाया. उन्हात तो लाल रंग खालून वर येतो. पल्लवीची हनुवटी, नाकाचं टोक, कानाच्या पाळ्या, सगळं लालसर झालं. ती टक लावून बघत राहिली. एवढा मोठा रंग तिने पाहिलाच नव्हता. एक बाई फडकं खाली करून ओरडली, "ओ भाऊ, पोरले आत्तेच मिरची दखाडी ऱ्हायनात! तिखट निंघी बरं का हाई!" सगळ्या हसल्या. पल्लवी शिंकली. निघताना सुनंदा पथारीच्या कडेला उभी राहिली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "चाल वं पल्लू, घर चाल, मांगे ऱ्हाऊ नको." पोरगी तिच्याच पोटाशी बांधलेली, आणि ही समोरच्या मिरचीला हाक मारते आहे. मला लाज वाटली. बायांना काही वाटलं नाही. एकीने मान हलवली, बरोबर केलं अशी.

मग सारंगखेड्याची यात्रा. तिथे घोडे बघायला माणसं कुठून कुठून येतात. आम्ही एका पांढऱ्या घोडीजवळ थांबलो. घोडीने मान खाली घेतली आणि पल्लवीच्या तोंडावर मोठा गरम श्वास सोडला. पल्लवीचे दोन्ही हात एकदम उघडले. तशी ती नंतर कितीदा तरी आनंदली असेल, पण आनंद म्हटलं की मला ते उघडलेले दोन हात दिसतात. सुनंदाने कागदी भिरभिरी घेतली, दोन. मी विचारलं, दोन कशाला? "येखादं मोडी गयं तर," ती म्हणाली.

निघताना मी किक मारायला पाय टेकवला होता. मागे सुनंदाने पल्लवीला हाक मारली, नेहमीची. मग थोडं थांबून, गर्दीच्या उलट बाजूला तोंड करून, हळू आवाजात म्हणाली,

"चाल रे दादा. तू बी चाल."

माझा पाय तसाच राहिला. आजूबाजूला दादा म्हणावं असं कोणी नव्हतं. मी वळून पाहिलं नाही. ती मागे बसली. माझी पाठ आणि तिच्या पोटाशी बांधलेली पल्लवी यांच्यामध्ये तिने एक वीतभर जागा सोडली होती. पोरगी दबू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पण आदल्या रविवारी तिने अशी जागा सोडली नव्हती.

मी तिला विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी दोन हाका झाल्या. एक मोठी, एक लहान. मी पहिलीनंतर दुसरीची वाट बघायला लागलो. ती झाली की किक मारायची. मोटारसायकलवर ती वीतभर जागा असायची, आणि खड्डा आला की मी आपोआप गाडी जपून घ्यायचो, जरा जास्तच जपून.

भीती वाटत होती का? होय. आणि हेही लिहिलं पाहिजे की त्या हंगामाइतकं सुख मला पुन्हा झालं नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. घरी परतलो की सुनंदा उंबऱ्यात क्षणभर बाजूला व्हायची, कोणाला तरी आधी आत जाऊ द्यावं तशी. दोन्ही भिरभिरी तिने खिडकीच्या गजांना बांधली होती. वारा एकच, खिडकी एकच, पण एक फिरायचं तेव्हा कधी कधी दुसरं थांबलेलं असायचं. त्याला कारणं असतात. कागदाची घडी, टाचणी घट्ट असणं. मी टाचणी सैल केली नाही.

तोरणमाळला गेलो तेव्हा तळ्याच्या काठी चादर अंथरली. तिथे पल्लवी पहिल्यांदा पालथी पडली. आम्ही दोघं तिच्या एका बाजूला होतो, टाळ्या वाजवून तिला बोलावत होतो. ती आमच्याकडे वळली नाही. दुसऱ्या बाजूला, जिथे चादर रिकामी होती, तिकडे बघून ती हसली आणि तिकडेच वळली. हात पोटाखाली अडकला, तोही तिने सोडवला, आणि मान उंच करून त्या रिकाम्या जागेशी काहीतरी बोलत राहिली. लहान मुलं अशी बघतात, अशी हसतात; कोणालाही विचारा. मला ते माहीत आहे. तरी त्या जागेवर माझी चप्पल पडली होती ती मी उचलली आणि दुसरीकडे ठेवली.

सुनंदाने ते पाहिलं. त्या दिवशी घाट उतरताना तिने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

संक्रांतीला आम्ही माझ्या गावी गेलो. पल्लवीचं बोरन्हाण होतं. काळ्या झबल्यावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, मुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि गल्लीतल्या पोरांनी त्या लुटायच्या. फार हसलो. निघताना आई निरोप द्यायला पांदीपर्यंत, शेतांमधल्या वाटेपर्यंत आली, आणि तिने दुसरी हाक ऐकली. तिचा चेहरा उतरला.

मग पल्लवीला ताप आला. उतरायचा, पुन्हा चढायचा. छाती घरघरत होती. डॉक्टर म्हणाले, मिरचीच्या हवेनं छाती भरली आहे, खिडक्या लावून ठेवा, आणि त्यांनी औषध दिलं. सुनंदाने भिरभिरी सोडून आत ठेवली आणि खिडकी लावली. दुपारच्या एसटीने आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी ती सुनंदाला म्हणाली,

"एकले बलाव. जो गया, त्यानं मन घरमा आनू नको."

"आत्याबाई, तो काही करत नही," सुनंदा म्हणाली. "नुस्ता संगे येस."

"लहान जीव शे. त्याले येकलं करमत नही. तो हिले खेळाले बोलाई." आईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मन्हा बी दोन गयात. मी मारी का कधी हाक?"

"म्हनीसनच ते तुमले आजून याद येतस."

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. तिचे दोन गेले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आम्ही तीन भावंडं, असंच मी शाळेपासून सांगत आलो होतो.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. पल्लवी सुनंदाच्या मांडीवर होती, गाल तापाने लाल, पथारीवर झाले होते तसे. मला आईचं पटत नव्हतं आणि आईची भीती वाटत होती. मी म्हणालो, औषध चालू राहू दे, आणि ताप उतरलेला असेल तेव्हा प्रकाशाला जाऊन येऊ.

तेव्हा तिथे पाणी एका कडेने वाहायचं आणि बाकीचं पात्र वाळूचं. वाळूत टरबुजाचे वेल लावलेले होते, आणि बाळं ठेवायची जागा त्यांच्यापासून दूर, काठाजवळ. खूण काही नव्हती. मी अंदाजाने जागा दाखवली. आयुष्यात एवढी मोठी गोष्ट मी एकदाच अंदाजाने सांगितली आहे. सुनंदा बसली. तिने एक भिरभिरं वाळूत खोचलं. थोडा वेळ ते फिरलं नाही, मग फिरायला लागलं. पल्लवी त्याच्याकडे बघून हात हलवत राहिली.

मग सुनंदा उठली. पल्लवीचं नाव घेऊन तिने हाक मारली, पुढचं सगळं म्हणाली, आणि थांबली. मी दुसरीची वाट बघितली. ती चालायला लागली. गाडीपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. मागे बसली ती माझ्या पाठीला चिकटून. वीतभर जागा राहिली नव्हती. नंदुरबार येईपर्यंत मला मागे भिरभिऱ्याचा फडफडाट ऐकू येत होता. मोटारसायकलच्या आवाजात तो ऐकू येणं शक्य नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पल्लवीचा ताप गेला. औषधाने की प्रकाशाला जाऊन आल्याने, ते मी सांगू शकत नाही. दोन्ही एकाच वेळी केलं होतं, आणि तसं केलं की कोणत्याच गोष्टीचं खरं माप निघत नाही.

त्यानंतर सुनंदाने हाक मारणं सोडलं. कोणालाच नाही. पल्लवी शाळेत गेली, परीक्षांना गेली, लग्न होऊन सुरतेला गेली. मांडवातून निघताना आत्या, मावश्या सगळ्या रडून बोलत होत्या, सुनंदा तिच्या पदराची गाठ नीट करत राहिली. प्रकाशाला ती पुन्हा आली नाही. घरातल्या विधींना मी एकटा जाऊन येतो. आई गेली तेव्हाही घाटावर मीच होतो.

पुढे प्रकाशाला तापीवर बॅरेज झालं. आता पावसाळा संपला की दारं बंद करतात आणि हिवाळाभर पाणी उभं राहतं. वाळू नाही, वेल नाहीत. ती जागा पाण्याखाली किती खोल असेल, हे मी सांगू शकतो, कारण ते पाणी मोजायलाच माझी बदली तिथे झाली. मोजपट्टीवरचा आकडा वाचतो, कळवतो. मधल्या काळात एवढंच बदललं की आकडा वाचून झाला तरी मी लगेच निघत नाही. पायरीवर थोडा थांबतो. काहीतरी म्हणायचं राहिलं आहे असं वाटतं. माझ्याने ती हाक कधी झाली नाही. पाणी हलत नाही, तळातलं काही दिसत नाही, आणि मी घरी येतो. आईच्या भाषेत सांगायचं तर, कधी कधी नुसतं अंग येतं.

आता पल्लवी आणि आमचे जावई निखिल यांना तेच वेड लागलं आहे. निखिल शनिवारी सुरतेहून येतो आणि रविवारी गाडी निघते. अर्णवच्या छातीवर 'मी पाच महिन्यांचा झालो' असं कार्ड ठेवून पथारीवर फोटो झाले. यात्रेत घोड्याबरोबर झाले. घोडा शिंकला तेव्हा निखिलच पळाला, त्याचाही व्हिडिओ आहे. मी सगळं बघतो, हसतो. सुनंदा प्रत्येक वेळी घरी राहिली. गुडघा दुखतो म्हणाली.

मागच्या रविवारी पल्लवी हटून बसली. "मम्मी, एकाही फोटोत तू नाहीस. आज प्रकाशाला जायचं, आणि तू यायचं."

सुनंदा स्वयंपाकघरात आली. मी चहा गाळत होतो. तिने मला हळूच विचारलं, "पानी कितलं शे आते?"

"भरेल शे. पायऱ्यांलगून."

"वाळू दिखस का?"

"नही."

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "मंग चाला."

घाटावर ऊन होतं. पाणी इतकं स्थिर की देवळांचे कळस त्यात न हलता उभे होते. निखिलने पुष्कळ फोटो काढले. अर्णव पाण्याकडे बघून पाय झाडत होता, उड्या मारल्यासारखे. सुनंदा पदर डोक्यावर घेऊन पायरीवर बसली होती. तिने मला जागा विचारली नाही. पण ती बसली होती ती बरोबर त्याच रेषेत.

निघताना पल्लवी म्हणाली, "अगं थांब, माझ्या सासूबाई सांगतात, बाळाला हाक मारून निघायचं. मला नीट येत नाही. मम्मी, तू मार ना."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिने ओठ मिटले होते. तिला सोडवावं म्हणून मी म्हणालो, "राहू दे गं पल्लू, निघू."

"नही," सुनंदा म्हणाली. ती उठून दोन पायऱ्या खाली उतरली. समोर पाणी होतं. मला वाटलं ती अर्णवचं नाव घेईल आणि थांबेल, तेव्हासारखी. तिने आधी थोरल्याला हाक मारली. आणि हळू नाही. काठावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने.

"चाल रे दादा! घर चाल!" मग, "चाल रे अर्णव. मांगे ऱ्हाऊ नका कोनी."

पल्लवीने विचारलं, "दादा कोण गं मम्मी?"

"तुन्हा मोठा भाऊ," सुनंदा म्हणाली. दारात कोण आलं आहे ते सांगावं तशी.

पल्लवी माझ्याकडे वळली. "पप्पा?"

"तुझ्या आधीचा," मी म्हणालो. "इथेच आहे. मुलं किती विचारलं की आम्ही एक सांगत आलो. ते बरोबर नाही. दोन आहात."

तिने पाण्याकडे पाहिलं. मग अर्णवची टोपी कानांवरून खाली ओढली, आणि आईचा हात धरून तिला पायऱ्या चढवल्या.

निखिल गाडी चालू करून बसला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो. मागे एका कडेला पल्लवी, मांडीवर अर्णव. दुसऱ्या कडेला सुनंदा, दाराला अगदी टेकून.

"बसले का सगळे?" निखिलने आरशात न बघताच विचारलं.

मी मागे वळलो. दोघींच्या मध्ये वीतभरापेक्षा जास्त जागा होती. अर्णव त्या जागेकडे बघून हसत होता.

मी मोजले. मग म्हणालो, "हो. सगळे बसले. सावकाश घ्या."